युरोपातला एखादा देश ईयूबद्दल (म्हणजे युरोपियन युनियनबद्दल) असा का वागतो, हे कसं शोधायचं

डब्लिनला राहायला येऊन मला नऊ वर्षं झाली आणि इतक्या वर्षांत घरच्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक प्रश्न ठरलेलाच असतो, युरोपची कुठलीही बातमी आली की कोणीतरी विचारतंच, "हे लोक ईयूच्या बाजूचे की विरोधातले?" डेन्मार्कने नाही म्हटलं, स्विस लोकांनी नाही म्हटलं, आयर्लंडने आधी नाही म्हटलं आणि वर्षभराने हो म्हटलं, मग लांबून वाचणाऱ्याला वाटतं की ही माणसं धरसोड करतात. तसं अजिबात नाहीये. प्रत्येक देशाचा स्वतःचा एक हिशोब असतो, तो जुना असतो, आणि थोडी पद्धत लावली तर एका संध्याकाळी बऱ्यापैकी हाती लागतो. ती पद्धत इथे लिहितेय. स्पर्धा परीक्षावाल्यांना उपयोगी पडेल, इकडे शिकायला नोकरीला येणाऱ्यांना पडेल, आणि ज्यांना फक्त बातमी नीट कळायला हवीये त्यांना तर नक्कीच.

पहिलं काम, तो "बाजूचे की विरोधातले" प्रश्न बाजूला ठेवा आणि एका कागदावर तीन रकाने पाडा. एक, हा देश बाकी युरोपबरोबर बाजार, नियम, सीमा किती एकत्र करायला तयार आहे. दोन, ब्रसेल्सला, म्हणजे ईयूच्या मुख्यालयाला, किती अधिकार द्यायचे आणि स्वतःकडे किती ठेवायचे, म्हणजे संघराज्याचा प्रश्न. तीन, युद्ध झालं तर हा कोणाच्या बाजूने उभा राहणार, की कोणाच्याच नाही, म्हणजे तटस्थतेचा प्रश्न. या तिन्हींची उत्तरं एकमेकांना बांधलेली नसतात, गोंधळ सगळा इथेच होतो. नॉर्वे नाटो या लष्करी गटाचा १९४९ पासूनचा संस्थापक सभासद, पण ईयूत नाही. ऑस्ट्रिया ईयूत आहे, नाटोत नाही. स्वित्झर्लंड दोन्हीत नाही तरी शेंगेनमधे, म्हणजे आपसातल्या सीमेवर पासपोर्ट न तपासणाऱ्या देशांच्या गटात, आहे, म्हणून झुरिकहून मिलानला ट्रेनने जाताना व्हिसाचा प्रश्न येत नाही. डेन्मार्क दोन्हीत आहे पण चलन अजून क्रोनच. आता या चौघांना "बाजूचे" आणि "विरोधातले" अशा दोन टोपल्यांत टाकून बघा, नाही जमणार.

दुसरं काम शब्दांचं, आणि इथे आपण मराठी लोकांनी जास्तच सावध राहायला हवं कारण आपल्या भाषेतले शब्द आपल्या इतिहासाचं वजन घेऊन येतात. आपण "संघराज्य" म्हटलं की डोळ्यासमोर दिल्ली येते, केंद्र येतं, राज्यांना निधी देणारं किंवा अडवणारं केंद्र. आपल्या घटनेच्या पहिल्याच कलमात भारत हा राज्यांचा संघ आहे असं लिहिलंय आणि त्या संघात केंद्र जाणीवपूर्वक मजबूत ठेवलंय. जर्मन माणसाला विचाराल तर त्याला नेमकं उलटं वाटतं, फेडरल म्हणजे सत्ता वाटलेली, वरच्याने खालच्याच्या कामात नाक न खुपसणं. जर्मनीत १६ राज्यं आहेत आणि शाळा हा राज्यांचा विषय, त्यामुळे म्युनिकहून बर्लिनला बदली झालेल्या मराठी कुटुंबाला पोरांचा अभ्यासक्रमही बदलतो आणि सुट्ट्यांच्या तारखाही. स्वित्झर्लंडमधे तर इन्कम टॅक्ससुद्धा देश, कॅन्टन (त्यांचं राज्य) आणि गाव असा तीन पातळ्यांवर लागतो, शेजारच्या गावात राहायला गेलात तरी आकडा बदलतो.

ब्रिटनमधे मात्र हाच फेडरल शब्द शिवीसारखा झाला होता, तिकडे त्याचा अर्थ ब्रसेल्सने सगळं बळकावणं असा घेतला गेला. पंतप्रधान थॅचरबाईंनी सप्टेंबर १९८८ मधे ब्रूजच्या भाषणात युरोपियन महाराज्याविरुद्ध इशारा दिला, आणि पुढे मास्ट्रिख्ट कराराच्या (ज्याने ईयू स्थापन झाली) मसुद्यातून हा शब्द काढायला लावल्याशिवाय त्यांच्यानंतरचे पंतप्रधान जॉन मेजर मागे हटले नाहीत. त्याच्या जागी "अधिकाधिक जवळचा संघ" अशा अर्थाचे जुने शब्द राहिले. म्हणजे जर्मन मंत्री फेडरल म्हणतो तेव्हा तो राज्यांच्या हक्कांचं बोलत असू शकतो आणि लंडनमधे तेच वाक्य ऐकणाऱ्याला देश गिळला जाण्याची भीती वाटते. म्हणून एखाद्या देशाचं मत वाचताना तो शब्द त्यांच्या घरात काय अर्थाने वापरतात ते आधी बघा.

तटस्थतेचंही तसंच. आपल्याकडे नेहरूंच्या काळापासून अलिप्तता शिकवली जाते, आणि आपण नकळत तटस्थता म्हणजे तेच समजतो. अलिप्तता म्हणजे कुठल्या गटात नाही पण प्रत्येक प्रश्नावर आपलं मत सांगणार, गरज पडली तर बाजूही घेणार. तटस्थता हा कायद्यातला शब्द आहे, १९०७ च्या हेग करारात तटस्थ देशाने युद्धात काय करायचं नाही हे लिहिलेलं आहे. स्विस लोक ते शब्दशः घेतात. २०२२ मधे जर्मनीला युक्रेनकडे विमानविरोधी रणगाड्याच्या तोफेचे गोळे पाठवायचे होते, ते गोळे मुळात स्विस बनावटीचे, तर स्वित्झर्लंडने परवानगी नाकारली. पण त्याच स्वित्झर्लंडने त्याच वर्षी फेब्रुवारीअखेर रशियावरचे ईयूचे निर्बंध स्वीकारले. विसंगत वाटतं ना? त्यांच्या हिशोबात नाही, कारण शस्त्र देणं ही लष्करी गोष्ट आणि निर्बंध ही आर्थिक, आणि त्यांचं म्हणणं की तटस्थतेचा कायदा पहिलीला अडवतो, दुसरीला नाही. देशातच यावरून कडाक्याचं भांडण आहे, पण निदान भांडण कशावर आहे ते कळतं. आणि स्विस तटस्थता सशस्त्र आहे हेही लक्षात ठेवा, तिथे तरुणांना सक्तीची लष्करी सेवा आहे.

तिसरं काम सगळ्यात महत्त्वाचं, आणि मला स्वतःला याच्यातच सगळ्यात जास्त रस आहे. त्या देशाची जखम शोधा. म्हणजे असं एक साल, ज्याच्यानंतर तो देश ठरवतो की पुन्हा हे होऊ द्यायचं नाही. एकदा ते साल सापडलं की निम्मी उत्तरं आपोआप येतात.

ऑस्ट्रियाचं साल १९५५. महायुद्धानंतर दहा वर्षं हा देश चार फौजांनी वाटून घेतला होता, व्हिएन्ना शहरसुद्धा. १५ मे १९५५ ला राज्यकरार झाला, फौजा जायला तयार झाल्या, आणि २६ ऑक्टोबरला संसदेने कायमच्या तटस्थतेचा कायदा केला. तो २६ ऑक्टोबर त्यांचा राष्ट्रीय दिवस आहे. आता विचार करा, ज्या देशाच्या पोरांना शाळेत शिकवतात की तटस्थ झालो म्हणून परकी फौज गेली आणि आपण मोकळे झालो, त्या देशात नाटोचा विषय काढणं किती अवघड असेल. त्याच करारात जर्मनीशी पुन्हा जोडलं जायला बंदी होती, म्हणून शीतयुद्धाच्या काळात मॉस्को म्हणायचं की पश्चिम जर्मनी असलेल्या युरोपियन आर्थिक समुदायात (ईयूचं आधीचं रूप) तुम्ही जायचं नाही. ऑस्ट्रियाने अर्ज केला तो जुलै १९८९ मधे, आणि जून १९९४ च्या सार्वमतात दोन तृतीयांश लोकांनी हो म्हटलं. दार किलकिलं झालं आणि हे आत शिरले, तटस्थता बरोबर घेऊनच.

फिनलंडचीही तटस्थता वरवर तशीच दिसायची पण जखम वेगळी. रशियाशी १,३४० किलोमीटर सीमा, दोन युद्धं, आणि १९४८ चा सोव्हिएत युनियनबरोबरचा मैत्री करार. त्यांची तटस्थता ही श्रद्धा नव्हती, शेजारी तसा होता म्हणून केलेली व्यवस्था होती. म्हणून २०२२ मधे शेजाऱ्याने युक्रेनवर हल्ला केल्यावर फिनलंडचं मत काही महिन्यांत फिरलं आणि ४ एप्रिल २०२३ ला तो नाटोत गेला. स्वीडन मार्च २०२४ मधे गेला, त्यांची परंपरा तर दोनशे वर्षांची होती. ऑस्ट्रिया गेला नाही. तिघं १ जानेवारी १९९५ ला एकाच दिवशी ईयूत आले होते, तिघांवर तेव्हा "तटस्थ" असंच लेबल होतं. लेबल बघून बसला असता तर २०२२ मधे काय होणार याचा अंदाज चुकला असता.

इटलीची जखम फॅसिझमची. १९४१ मधे व्हेंटोटेने नावाच्या छोट्या बेटावर मुसोलिनीने डांबलेल्या कैद्यांनी, त्यात आल्तिएरो स्पिनेली होते, संयुक्त युरोपचा जाहीरनामा लिहिला. त्यांच्या मते स्वतंत्र सार्वभौम राष्ट्रं हाच युद्धाचा मुळ रोग. १९८९ मधे इटलीत सार्वमत घेऊन लोकांना विचारलं की युरोपियन संसदेला घटना लिहायचा अधिकार द्यायचा का, तर ८८ टक्के लोक हो म्हणाले. आज इटलीत ईयूवर राग असणारे पुष्कळ आहेत, पण सुरुवात कुठून झाली ते माहीत हवं. फ्रान्सचं जरा गुंतागुंतीचं. ९ मे १९५० ची शुमन घोषणा, जिच्यातून पुढे ईयू उभी राहिली, त्यांची, आणि १९५४ मधे संयुक्त युरोपियन सैन्याचा करार स्वतःच्याच संसदेत पाडणाराही फ्रान्सच, राष्ट्राध्यक्ष द गॉलने १९६५ मधे ब्रसेल्समधल्या बैठकांवर बहिष्कार टाकून खुर्ची सहा-सात महिने रिकामी ठेवली तोही फ्रान्स. युरोप हवा, पण फ्रान्सने चालवलेला आणि राष्ट्रांचा, असं त्यांचं बराच काळ होतं.

आयर्लंडबद्दल थोडं जास्त लिहिते, इथेच राहते म्हणून. बाहेरच्यांना वाटतं आयरिश तटस्थता शांततावादातून आली. ती आली ब्रिटनपासून वेगळं असण्यातून. दुसऱ्या महायुद्धात तटस्थ राहणं हा स्वातंत्र्याचा पुरावा होता, आणि १९४९ मधे नाटोचं आमंत्रण नाकारलं त्याचं दिलेलं कारण फाळणी होतं, उत्तर आयर्लंड ब्रिटनकडे असताना ब्रिटनबरोबर लष्करी कराराला बसणार नाही. आपल्याला ही भाषा कळायला जड जाऊ नये. मग १ जानेवारी १९७३ ला याच देशाने युरोपियन समुदायात उडी मारली, ब्रिटनबरोबर एकाच दिवशी, आणि आयरिश माणसासाठी त्याचा अर्थ असा की आता सगळा व्यापार, सगळं बोलणं लंडनमार्गे करायची गरज संपली. एकत्रीकरणाने त्यांचं स्वातंत्र्य वाढलं, कमी झालं नाही. इंग्लंडमधे तीच गोष्ट स्वातंत्र्य कमी करणारी वाटली. समुद्राच्या अलीकडे पलीकडे, एकाच दिवशी सभासद झालेले, आणि अर्थ पूर्ण उलटे.

चौथं काम, "नाही" म्हणायचा अधिकार नक्की कोणाकडे आहे ते शोधा. पंतप्रधान काय बोलला यापेक्षा हे जास्त कामाचं आहे. आयर्लंडमधे रेमंड क्रॉटी नावाच्या अर्थतज्ज्ञाने १९८७ मधे सुप्रीम कोर्टात केस जिंकली, तेव्हापासून घटनेला हात लावणारा प्रत्येक मोठा युरोपियन करार लोकांपुढे ठेवावा लागतो. म्हणून ईयूच्या कारभाराचे नियम बदलणारे दोन करार बघा, २००१ ला नीस पडला, २००२ ला पास झाला, २००८ ला लिस्बन पडला ५३.४ टक्के विरोधी मतांनी, २००९ ला ६७.१ टक्क्यांनी पास झाला. याला धरसोड म्हणण्याआधी मधे काय बदललं ते बघा. नीसच्या वेळी लोकांनी विचारलं आमच्या तटस्थतेचं काय, तर दुसऱ्या मतदानात घटनेतच लिहून टाकलं की ईयूच्या सामाईक संरक्षणात आयर्लंड जाणार नाही. लिस्बनच्या वेळी कर, गर्भपात, तटस्थता यावर लेखी हमी मिळाली आणि ईयूच्या कार्यकारी मंडळात प्रत्येक देशाचा एक कमिशनर राहील हेही, शिवाय मधल्या काळात बँका कोसळून देश घाबरलेला होता. पहिल्या "नाही"ने काहीतरी मिळवलं. दुसऱ्यांदा मत मागणं बरोबर का, यावर इथे अजून लोक चिडतात आणि मला तो राग रास्त वाटतो, पण "आयरिश लोकांनी मत बदललं" एवढंच म्हणणं अपुरं आहे.

इतर ठिकाणी हा अधिकार भलत्याच जागी सापडतो. डेन्मार्कच्या घटनेत कलम २० आहे, सार्वभौम अधिकार बाहेर द्यायचे तर संसदेत पाच षष्ठांश मतं हवीत, नाहीतर सार्वमत. जून १९९२ ला डॅनिश लोकांनी मास्ट्रिख्टला ५०.७ टक्क्यांनी नाही म्हटलं, चार सवलती (काही बाबतीत बाहेर राहायची मुभा) मिळवल्या, पुढच्या मे महिन्यात हो म्हटलं. त्यातली संरक्षणाची सवलत त्यांनी १ जून २०२२ ला ६६.९ टक्क्यांनी स्वतःच सोडून दिली, युरोची मात्र ठेवलीये. जर्मनीत अधिकार कार्ल्सरूहच्या घटना न्यायालयाकडे आहे, २००९ मधे त्यांनी लिस्बन करार मान्य केला पण आधी संसदेचे हक्क वाढवणारा कायदा करा म्हणून अडवून धरलं. आणि बेल्जियममधे तर ऑक्टोबर २०१६ ला वालोनिया या एका प्रांताच्या विधानसभेने कॅनडाबरोबरचा अख्ख्या ईयूचा व्यापार करार काही दिवस लटकवला, कारण बेल्जियम इतका फेडरल आहे की प्रांताच्या होकाराशिवाय देश सहीच करू शकत नव्हता.

मत देण्याचा हक्क कोणाला हेही याच कामात बघा. ब्रिटनच्या २०१६ च्या ब्रेक्झिट सार्वमतात तिथे कायदेशीर राहणाऱ्या राष्ट्रकुलातल्या नागरिकांना मत होतं, म्हणजे भारतीय पासपोर्टवर लंडनला असलेल्या पुणेकराला मत देता आलं. पण गोव्यातून पोर्तुगीज पासपोर्ट काढून स्विंडनला जाऊन कामाला लागलेल्या माणसाला नाही, कारण तो ईयू नागरिक होता आणि आयर्लंड, माल्टा, सायप्रस सोडून बाकी ईयू नागरिकांना या सार्वमतात मत नव्हतं. ज्याचं राहणं-कमावणं त्या निकालावर टांगलेलं, नेमका तोच मतदार यादीबाहेर. मला हे आजही फार लागतं.

पाचवं, पैसा आणि पोट. इथे फार वेळ घालवू नका पण विसरूही नका. नॉर्वेने १९७२ आणि १९९४ ला दोनदा नाही म्हटलं त्यामागे मासेमारी आणि शेती मोठी होती, किनारा आणि उत्तर विरोधात, ऑस्लो बाजूने. कोकणातल्या माणसाला समुद्रातला हक्क दुसऱ्याने ठरवायचा म्हणजे काय ते सांगायला नको. पण नॉर्वे बाजाराच्या बाहेर नाही, युरोपियन आर्थिक क्षेत्रातून (ईयूबाहेरच्या काही देशांना ईयूच्या बाजारात घेणारी व्यवस्था) नियम पाळतो, पैसेही भरतो, फक्त नियम ठरवताना मत नाही.

सहावं, देशाचा नकाशा फाडून बघा. "स्विस लोकांनी नाही म्हटलं" हे वाक्य घ्या. ६ डिसेंबर १९९२ ला युरोपियन आर्थिक क्षेत्रात जायचं का यावर मतदान झालं, ५०.३ टक्के नाही, फरक चोवीस हजार मतांच्या आत. पण फ्रेंच भाषिक सगळ्या कॅन्टननी हो म्हटलेलं, जर्मन भाषिकांत बासलची दोन अर्धी कॅन्टन सोडली तर सगळीकडे नाही. आणि तिथे दुहेरी बहुमत लागतं, लोकांचंही आणि कॅन्टनांचंही, कॅन्टनांचा हिशोब १६ विरुद्ध ७ झाला. म्हणजे लोकांची मतं थोडी इकडे झाली असती तरी कॅन्टनांवर अडलंच असतं. जिनिव्हाच्या लोकांना त्या दिवशी काय वाटलं असेल विचार करा. ब्रिटनमधेही २०१६ ला स्कॉटलंडने ६२ टक्क्यांनी राहायचं म्हटलेलं.

आता ही सगळी कामं एका बातमीवर लावून दाखवते. फेब्रुवारी २०२२, ईयूने युक्रेनला शस्त्रांसाठी पैसे द्यायचं ठरवलं. असल्या निर्णयाला एकमत लागतं. मग आयर्लंड, ऑस्ट्रिया आणि माल्टा या तीन तटस्थ देशांनी काय केलं? विरोध केला नाही आणि हो पण म्हटलं नाही, करारात "कन्स्ट्रक्टिव्ह ॲबस्टेन्शन" म्हणून एक सोय आहे ती वापरली, म्हणजे आम्ही यात नाही पण तुम्हाला अडवत नाही. आयर्लंडने आपला वाटा औषधं, बॉडी आर्मर, इंधन अशा मारक नसलेल्या मदतीकडे वळवला. वरवर बघणारा म्हणेल पळवाट. तीन रकान्यांत मांडा, एकत्रीकरण, हो, ईयूची एकी मोडायची नाही. संघराज्य, आमच्या पैशाचं काय करायचं ते आमच्या संसदेचं ऐकून. तटस्थता, गोळी आमच्या पैशाची नको. करारात तर आधीपासून वाक्यच आहे, कलम ४२ मधे, की परस्पर मदतीच्या बंधनामुळे काही सभासदांच्या संरक्षण धोरणाचं खास स्वरूप बाधित होणार नाही. नाव कोणाचं नाही, पण इथे सगळ्यांना माहितीये कोणासाठी आहे.

आणि याच आयर्लंडने डिसेंबर २०१७ ला ईयूच्या पेस्को नावाच्या संरक्षण सहकार्यात भागही घेतला होता, तेव्हा पंतप्रधान लिओ वराडकर होते, ज्यांचे वडील मालवण तालुक्यातल्या वराड गावचे. आजच्या वादाचा विषय वेगळा आहे, तिहेरी कुलूप. बारापेक्षा जास्त सैनिक परदेशी मोहिमेवर पाठवायचे तर सरकार, संसद आणि युनो तिघांची परवानगी हवी. सरकारला युनोचं कुलूप काढायचंय, म्हणतात सुरक्षा परिषदेतला रशियाचा नकाराधिकार आमच्या सैन्यावर का चालावा. विरोधक म्हणतात नीस आणि लिस्बनच्या वेळी याच कुलपाचा भरवसा देऊन मत मागितलं होतंत. माझ्या ऑफिसमधे जेवणाच्या टेबलावर यावरून आवाज चढतात, आणि दोन्ही बाजूंची माणसं ईयूची समर्थक असतात, हे मुद्दाम सांगतेय. मला स्वतःला विरोधकांचं म्हणणं पटतं, शब्द दिला असेल तर तो बदलताना लोकांना परत विचारावं.

माहिती कुठून घ्यायची तर शक्यतो मुळातून, करारांचं मजकूर ईयूच्या साइटवर सगळ्या अधिकृत भाषांत मोफत आहे, सार्वमतांचे निकाल त्या त्या देशाच्या सरकारी पानावर असतात, आणि युरोबॅरोमीटर नावाचा सर्व्हे १९७४ पासून चालू आहे, देशवार आकडे मिळतात. सर्व्हेत फक्त एक बघा, प्रश्न काय विचारला होता. "ईयू हवी का" आणि "सामाईक सैन्य हवं का" याची उत्तरं एकाच घरात वेगळी येतात. इंग्रजी पेपरांवर एकट्यावर राहू नका, त्यातले बरेच लंडनच्या चष्म्यातून बघतात, ऑस्ट्रियन किंवा डॅनिश पेपर ब्राउझरमधे भाषांतर करून वाचा, कच्चं भाषांतर चालतं.

सरावाला स्वित्झर्लंडचं ईयूबरोबरच्या करारांचं नवं पॅकेज घ्या. मे २०२१ ला त्यांच्या सरकारने ईयूबरोबरच्या आराखडा कराराची बोलणी एकतर्फी सोडली होती, मग नव्याने सुरू करून डिसेंबर २०२४ ला बोलणी पूर्ण झाली. आता तिथे करार चांगला की वाईट याच्याइतकाच वाद यावर आहे की मतदानात फक्त लोकांचं बहुमत पुरे की कॅन्टनांचंही लागेल. १९९२ चे ते १६ विरुद्ध ७ कागदावर लिहून समोर ठेवा, मग हा वाद कोण का घालतंय ते एकेका कॅन्टनचं नाव घेऊन तुम्हालाच सांगता येईल.